वहीत स्वतःचंच नाव खोडणारा मुलगा

एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते आहे.

मुलगा नववीत आहे, वय १४. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे राहायला गेला होता. तिथे इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाने रात्री लॅपटॉपवर त्याला 'बॅटल रॉयल' हा जपानी सिनेमा दाखवला. सरकार शाळेतल्या एका वर्गाला बेटावर सोडतं आणि एकच जण उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतं, अशी गोष्ट. परत आल्यापासून पोरगा घुम्यासारखा वागतोय. परवा दप्तर आवरताना आईला गणिताच्या कच्च्या वहीच्या मागच्या पानांवर त्याच्या वर्गाची अख्खी यादी सापडली, हजेरीच्या क्रमाने. प्रत्येक नावापुढे एक हत्यार: करकटक, स्टम्प, लोखंडी पट्टी, एकीपुढे नुसतीच छत्री. बरीच नावं खोडलेली आणि खोडलेल्या नावापुढे आकडा, म्हणजे कितव्या नंबरला मेला तो. एका मुलापुढे लिहिलंय, 'हा शेवटपर्यंत'. (स्वतःच्या नावापुढे 'डब्याचं झाकण' लिहिलंय आणि ते नावही खोडलंय, पुढे ४ चा आकडा.)

वही आईने कपाटात साड्यांखाली लपवली आहे. मुलगा ती शोधतोय, पण विचारत नाही. वडिलांचं म्हणणं, दोन ठेवून दिल्या आणि मोबाइल काढून घेतला की डोकं ताळ्यावर येईल. आई विचारते: माझा मुलगा हिंसक होतोय का? शाळेत सांगू का? डॉक्टरांकडे नेऊ का? की वही जाळून विषय संपवू? आणि शेवटी, 'असले सिनेमे काढणाऱ्यांना स्वतःची मुलंबाळं नसतात का हो?'

ताई,

मुलाने स्वतःचं नाव खोडलं, हे तुम्ही कंसात लिहिलंत. बाकीचं सगळं पत्र इतर नावांबद्दल आहे. मला मात्र त्या कंसाच्या पुढे जाववेना. तुम्हाला भीती वाटतेय की पोरगा कुणाला तरी मारेल. आणि तो वहीत लिहितोय की असं काही झालं तर मी चौथाच जाईन. अख्ख्या वर्गात आपल्या आधी फक्त तिघं. तुमची भीती वेगळी आणि त्याची वेगळी. तुमच्या भीतीवर उपाय शोधता शोधता त्याची तशीच राहून जाईल, म्हणून मी त्याच्या भीतीपासून सुरुवात करते.

मी हा सिनेमा पाहिला आहे, त्यामुळे 'डब्याचं झाकण' वाचल्यावर लगेच ओळखीचं वाटलं. सिनेमात प्रत्येक मुलाला एक पिशवी मिळते. त्यात नकाशा, खाणं, पाणी आणि नशिबाने येईल ते हत्यार. कुणाला बंदूक, कुणाला कुऱ्हाड, कुणाला विळा. शुया नावाच्या नायकाच्या वाट्याला येतं पातेल्याचं झाकण, आणि त्याच्याबरोबरच्या नोरिकोला दुर्बीण. तुमच्या मुलाने ते पातेल्याचं झाकण डब्याचं केलं आणि स्वतःकडे ठेवलं. म्हणजे त्याने स्वतःला मारणाऱ्यांच्या जागी बसवलेलं नाही, शुयाच्या जागी बसवलंय. पण शुया शेवटी जिवंत राहतो, आणि तुमच्या मुलाने स्वतःला तेवढीही आशा ठेवलेली नाही. शुया वाचतो तो काही झाकणामुळे नाही. नोरिको आणि कावादा नावाचा आणखी एक मुलगा त्याला एकटं टाकत नाहीत, म्हणून वाचतो. तुमच्या मुलाच्या यादीत त्याच्या बाजूने कोण आहे? मला त्या वहीतून सगळ्यात आधी हे जाणून घ्यावंसं वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो रागाने विचारला आहे हे कळतं, पण त्याला खरंखुरं उत्तर आहे. दिग्दर्शक किंजी फुकासाकु यांना मुलगा होता, आणि या सिनेमाची पटकथा त्या मुलानेच, केंताने, लिहिली. मूळ कादंबरी कोशुन ताकामी यांची, १९९९ ची. सिनेमा आला २००० च्या डिसेंबरात, तेव्हा फुकासाकु सत्तर वर्षांचे होते. या वयात माणसाने शाळकरी मुलांच्या कत्तलीचा सिनेमा का करावा? त्यांनी स्वतःच त्याचं कारण सांगितलं होतं. १९४५ साली ते १५ वर्षांचे होते आणि त्यांच्या वर्गाला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलं होतं. कारखान्यावर तोफांचा मारा झाला. पळायला जागा नव्हती, तेव्हा मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपली. मारा थांबल्यावर जी उरली त्यांनी आपल्याच सोबत्यांची प्रेतं उचलली. मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलत होती, हे त्या दिवशी कळलं आणि तो राग आयुष्यभर गेला नाही, असं ते सांगत. बेटावरचा तो वर्ग त्यांच्या कल्पनेतून आलेला नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी तो पाहिलेला होता.

हे मी सिनेमाची वकिली करायला सांगत नाहीये. तुम्ही नेटवर काही वाचलं असेल तर त्यात रक्त किती आणि मेले किती एवढंच असणार. सिनेमा नेमका कुणावर चिडलेला आहे ते त्यात नसतं. सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो: देश कोसळलाय, बेकारी १५ टक्क्यांवर गेलीय, आठ लाख मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकलाय, आणि पोरांना घाबरलेल्या मोठ्यांनी हा कायदा केलाय. मोठी माणसं मुलांना घाबरली, तिथून ही गोष्ट सुरू होते. त्या वेळच्या जपानमध्ये ही भीती खरोखरच हवेत होती. १९९७ मध्ये कोबे शहरात एका १४ वर्षांच्या मुलाने लहान मुलांचे खून केले होते. २००० च्या मे महिन्यात एका १७ वर्षांच्या मुलाने बस पळवली आणि चाकू चालवला. सिनेमा आला त्याच सुमारास तिथल्या संसदेने फौजदारी खटल्याचं किमान वय १६ वरून १४ वर आणलं. आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत १६ ते १८ च्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट खुली झाली, तेव्हाची चर्चा तुम्हाला आठवत असेल. जपानच्या संसदेत या सिनेमावरही आक्षेप घेतले गेले. त्याला पंधराच्या आतल्यांना प्रवेश नाही असं प्रमाणपत्र मिळालं, आणि तरीही तो तिथे जोरात चालला. अमेरिकेत मात्र तो दहा वर्षांहून जास्त काळ अधिकृतपणे लागलाच नाही.

त्यात कितानो नावाचे शिक्षक आहेत. आधी वर्गात मुलं त्यांना जुमानत नाहीत, एक जण तर चाकू मारतो. पुढे तेच शिक्षक सरकारच्या वतीने बेटावर हा खेळ चालवायला येतात. दिवसातून चार वेळा लाउडस्पीकरवरून मेलेल्यांची नावं वाचतात, हजेरी घेतल्यासारखी. त्यांच्या घरची हकीकत आपल्याला फोनवरून कळते: त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्याशी धड बोलत नाही. मला रक्ताच्या प्रसंगांपेक्षा हे फोन जास्त लागले. पोराशी बोलणं जमत नाही, मग त्याला धाकात ठेवायचं, ही वाट सिनेमाने शेवटपर्यंत नेऊन दाखवली आहे. तुमच्या यजमानांना मी कितानोंच्या रांगेत बसवत नाहीये. ते काळजीपोटीच बोलतायत. पण मुलगा वही शोधतोय आणि तुम्हाला विचारत नाही, तुम्ही वही लपवलीय आणि त्याला सांगत नाही, एवढी अबोल्याची जागा घरात आधीच तयार झाली आहे. मार दिलात तर ती वाढेल.

नववीच्या मुलाला यातलं काय चिकटतं, याचा विचार करताना मला दीपगृहाचा प्रसंग आठवतो. वर्गातल्या काही मैत्रिणी मिळून एका जुन्या दीपगृहात लपल्या आहेत. स्वयंपाक चाललाय, गप्पा चालल्यात, वर्गात असतं तसं वातावरण. जखमी शुयाला मलमपट्टी करून त्यांनी एका खोलीत झोपवलंय. त्यांतल्या एकीने मात्र शुयाला एका मुलाशी झटापट करताना पाहिलेलं असतं. तो मुलगा मेला होता, म्हणून तिला वाटतं की शुया खुनी आहे. कुणाला न सांगता ती त्याच्या जेवणात विष घालते. ते जेवण दुसरीच मैत्रीण सहज चाखते आणि कोसळते. मग 'कुणी केलं?' अशी एकच ओरड, टेबलावर बंदूक, आणि दोन मिनिटांपूर्वी हसणाऱ्या मुली एकमेकींना गोळ्या घालतात. विष घालणारी तेवढी उरते, आणि तिला ते सोसवत नाही. तिथे कुणीही दुष्ट नाही. कुणी कुणाला विचारलं नाही, एवढंच घडलं.

चौदाव्या वर्षी वर्ग म्हणजे हेच तर असतं, ताई. कोण कुणाच्या बाकावर बसतं, कोण कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाही, काल डबा वाटून खाणारा आज पाठ का फिरवतो. हा सिनेमा पाहिल्यावर मुलाच्या मनात 'मी कुणाला मारू' हा प्रश्न येतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक मुलांच्या मनात येतो तो 'माझ्यावर कोण उलटेल' हा. हजेरीच्या क्रमाने केलेली यादी हाही सिनेमाचाच पडसाद आहे. पडद्यावर प्रत्येक मरणानंतर मुलाचं नाव, हजेरी क्रमांक आणि 'उरले इतके' असं झळकतं. तुमच्या मुलाने त्याच साच्यात स्वतःचा वर्ग ओतून पाहिला.

इथेच या सिनेमावर माझा आक्षेपही आहे, आणि तो लहान नाही. प्रत्येक मूल कुणीतरी आहे, त्याला नाव आहे, कुणावर तरी त्याचं मन आहे, हे दाखवायचं म्हणतो आणि मरणाबरोबर स्कोअरही दाखवतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर बघणारा नावाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. किरियामा नावाचा एक मुलगा स्वखुशीने खेळायला आलेला आहे. त्याला तोंडात एक शब्द नाही, भूतकाळ नाही, नुसता मारत सुटतो आणि त्याची मारामारी दिसायला रुबाबदार केली आहे. मित्सुको नावाच्या मुलीला सिनेमा आधी भयानक ठरवतो आणि तिच्यावर लहानपणी काय गुदरलं ते थोडक्यात उरकतो. आणि आत्महत्या: वडिलांची, हातात हात घेऊन गेलेल्या जोडप्यांची. मोठ्या माणसाला त्यातला उद्वेग कळतो. चौदा वर्षांच्या मुलाला, तेही रात्री दुसऱ्याच्या घरी, शेजारी 'कसला भारी सीन आहे बघ' म्हणणारा भाऊ असताना, तो कळेलच असं नाही. मोठ्यांसाठी हा महत्त्वाचा सिनेमा आहे असं मी म्हणेन. तुमच्या मुलाने तो इतक्यात पाहायला नको होता, हेही तितक्याच ठामपणे म्हणेन.

मोबाइलवरच्या खेळांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण यजमानांचा रोख तिकडेच असणार. बेटावर उतरायचं, हाताला लागेल ते हत्यार घ्यायचं, जागा आकसत जाते, शेवटी एकच उरतो: २०१७ पासून पबजीने घराघरात नेलेल्या या खेळप्रकाराचं नावच 'बॅटल रॉयल' आहे, आणि त्याची कल्पना सुचायला हा सिनेमाही कारण होता असं तो खेळ बनवणाऱ्यानेच सांगितलंय. म्हणजे तुमच्या मुलाला सिनेमातला आराखडा आधीच ठाऊक असेल. पण खेळात मेलेला पुढच्या मिनिटाला पुन्हा खेळायला येतो, आणि त्याच्यासाठी कुणी रडत नाही. सिनेमा पाहून तुमचा मुलगा गप्प झाला. खेळ खेळून गप्प झाला नव्हता. तो फरक त्याला जाणवला असेल, तर त्याच्या मनाबद्दल ही चांगलीच खूण आहे.

तरीही, मी तुमचा मुलगा पाहिलेला नाही, म्हणून धोक्याच्या गोष्टी सरळ सांगते. यादीत एकाच मुलावर राग धरलेला दिसतो का? कल्पनेतलं हत्यार सोडून घरातलं खरं हत्यार, दिवस, जागा असं काही लिहिलंय का? 'बघून घेईन' असं तो कुणाला म्हणालाय का, प्राण्यांना इजा करतो का? आणि दुसऱ्या बाजूने: झोप, जेवण, शाळेत जाणं सुटलंय का, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय का, 'मी नसलो तर बरं' असं काही बोललाय का, अंगावर कापल्याच्या खुणा आहेत का? यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू त्याच्या हाताशी ठेवू नका, आणि मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. गावात नसतील तर जिल्हा रुग्णालयात विचारा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन पालकही करू शकतात. मुलासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. एखाद्या ठरावीक मुलाला धोका आहे असं वाटलं तर शाळेलाही त्याच दिवशी कळवायचं, तिथे मुलाचं गुपित राखायचं नाही.

यातलं काही नसेल, तर वही जाळू नका. परत द्या. आज किंवा उद्या, यजमान आणि धाकटी भावंडं घरात नसताना. प्रस्तावना नको. 'ही मला दप्तरात सापडली. मी वाचली. मी घाबरले आणि लपवून ठेवली, तुला न विचारता. घे.' एवढं बोला आणि थांबा. तो कदाचित चिडेल, 'माझ्या दप्तराला हात का लावला' म्हणेल. म्हणू दे. 'असलं का लिहिलंस' हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. 'का' विचारलं की मुलं खुलासा देतात, हकीकत सांगत नाहीत. त्याऐवजी यादीत शिरा. 'तू चौथाच का रे?' असं विचारा. 'हा शेवटपर्यंत, म्हणजे तो असा कोण आहे?' विचारा. त्या मुलाबद्दल कौतुक ऐकू येतं, की भीती, की नुसतंच तोंड फिरवणं, ते बघा. त्याच्या आधीचे तिघं कोण आहेत तेही विचारा. बहुधा ती वर्गातली अशीच मुलं निघतील, ज्यांना कुणी खेळात घेत नाही. वर्गात त्याला कुणी त्रास देत असेल तर तो या वाटेने बाहेर येईल.

मग एक प्रश्न सरळ, आवाज न बदलता: 'तुला कधी मरून जावंसं वाटतं का?' असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं येतं, हा समज चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर रडू, रागवू नका. ऐकून घ्या आणि वर सांगितलं तसं तज्ज्ञांकडे जा, त्याच दिवशी. 'नाही' म्हणाला आणि तुम्हाला ते पटलं नाही, तरी जा.

एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगायला हवी. ही वही पुन्हा दप्तरात जाता कामा नये. शिक्षा म्हणून नाही. त्या यादीत खऱ्या मुलामुलींची नावं आहेत. आपलं नाव खोडलेलं आणि पुढे ११ चा आकडा एखादीने पाहिला तर तिला कसं वाटेल, हे त्याला विचारा. त्याला ते कळेल. लिहायचंच असेल तर नावं काल्पनिक घेऊन गोष्ट लिही म्हणावं. अशा मुलांत लिहिणारी बरीच असतात.

शाळेत जायचं ते त्याच्याशी बोलल्यावर, त्याला सांगून, आणि वही न दाखवता. वर्गशिक्षिकेला एवढंच विचारा: मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो? प्रकल्पाच्या गटात त्याला कोण घेतं? वही पुढे केलीत तर त्या घाबरतील, प्रकरण मुख्याध्यापकांकडे जाईल आणि मुलगा 'तो यादीवाला' होऊन बसेल. त्रास देणाऱ्याचं नाव कळलं असेल तर मात्र स्पष्ट सांगा आणि काय करणार ते लेखी मागा.

तुम्ही आणि यजमानांनी हा सिनेमा पाहावा का? एकाने तरी पाहावा, मुलाशिवाय. जड जातो, मध्येच बंद केलात तरी चालेल. पण दीपगृहापर्यंत बघा. नंतर मुलाशी बोलताना 'त्या मुलींनी एकदा विचारलं असतं तर?' एवढं तुम्हाला म्हणता आलं, तरी त्याला कळेल की आई तिथवर येऊन गेली आहे. त्याला तो पुन्हा दाखवायची मात्र घाई नको. दोन-तीन वर्षांनी त्याला हवा असेल तर दिवसाउजेडी, सोबत बसून. मोबाइल आता काढून घेतलात तर वही सापडल्याची शिक्षा म्हणूनच तो ते घेईल; वेळेचा नियम घालायचा असेल तर महिनाभराने, वेगळा विषय म्हणून, घरातल्या सगळ्यांसाठी घाला.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांच्यासाठी माझी विनंती एवढीच, की पुढचे काही दिवस त्यांनी मुलाला काही विचारू नये, काही शिकवू नये. त्याला दुकानात, शेतावर, गाडी धुवायला, जिथे जातील तिथे सोबत न्यावं. बापाला मुलाशी बोलायला बहुधा काम हाताशी लागतं.

आणि भाच्याला फोन करा. झापायला नको, पंधराच्या आतल्यांसाठी नसलेला सिनेमा दाखवलास हे चुकलं, एवढं सांगून त्याला विचारा, की सिनेमा संपल्यावर धाकटा काय म्हणाला होता. तुमच्या मुलाने त्या रात्री काही बोललं असेल तर ते ऐकणारा तोच एक आहे.